आरोग्य योजनेचा फॉर्म लिहिताना: उत्तर कुठल्या कागदावर आहे, तेही सांगा

सरकारी आरोग्य योजनेचा, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः महाराष्ट्राच्या फुले योजनेचा आणि केंद्राच्या आयुष्मानचा फॉर्म, माहितीपत्रक किंवा रुग्णालयाच्या भिंतीवरची सूचना लिहायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही वस्तीतल्या एखाद्या संस्थेत असाल, पालिकेच्या दवाखान्यात असाल, खासगी रुग्णालयातलं योजनेचं टेबल सांभाळत असाल किंवा मंडळातर्फे शिबिर भरवणार असाल. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात नोकरी केली. आता निवृत्त आहे. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत लोकांचे फॉर्म भरून देते आणि जिथे कुणी ऐकतं तिथे फॉर्मच बदलून देते. भरून दिलेला फॉर्म एका घराच्या उपयोगी पडतो. नीट लिहिलेला फॉर्म पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडतो.

लिहायला बसण्याआधी वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पेशंट वर वॉर्डात आहे. खाली खिडकीशी रांग आहे. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स, केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, लाइट बिल, सगळं एकत्र. वाचणारी व्यक्ती पुष्कळदा पेशंटही नसते आणि घरातलं कर्तं माणूसही नसतं. सहावी-सातवीतली मुलगी असते. तिला शाळा बुडवून आणलेलं असतं, कारण घरात वाचता येणारी तीच. ती मोठ्यानं वाचते आणि आजी किंवा आई ऐकते. म्हणजे तुमचा फॉर्म डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त वाचला जातो. एका दमात वाचता येत नाही ते वाक्य त्या मुलीच्या तोंडून तुटून बाहेर पडतं, आणि ऐकणारीला त्यातलं काहीच धरून ठेवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. इतकी एकच पाळलीत तरी फॉर्म निम्म्यानं सोपा होईल: प्रत्येक प्रश्नाशेजारी त्याचं उत्तर कुठल्या कागदावर, कुठल्या जागी छापलेलं आहे ते लिहा.

चार बुकं शिकलेल्या बाईला 'शिधापत्रिका क्रमांक' कळला नाही तरी समोर रेशन कार्ड ठेवून आकडे उतरवून काढता येतात. तिला अक्षरं येतात, आकडे येतात. अडतं ते कुठून काय उतरवायचं इथे. आणि आपले फॉर्म नेमकं तेच सांगत नाहीत.

नंबरांचंच बघा. आधारचा नंबर १२ आकडी. रेशन कार्डाचा ऑनलाइन नंबरही १२ आकडी. जुन्या रेशन कार्डाच्या पुस्तिकेवर पुढच्या पानावर जो नंबर छापलेला असतो तो आणखी वेगळा. त्यात 'आभा'ची भर पडली आहे, त्याचा नंबर १४ आकडी. लोक आभा कार्डालाच आयुष्मान कार्ड समजतात, कारण दोन्ही मोबाईलवर निघतात आणि दोन्ही दवाखान्याशी जोडलेली वाटतात. आभा म्हणजे तुमचे रिपोर्ट ठेवण्याची डिजिटल ओळख. त्यानं उपचाराचे पैसे भरले जात नाहीत. आयुष्मान कार्डावर उपचार होतो. ज्या फॉर्मात नुसतं 'कार्ड क्रमांक' असं लिहिलेलं असतं, त्यात या चारपैकी कुठलाही नंबर येऊन पडतो आणि अर्ज आत कुठेतरी अडकतो. घरच्यांना कारण कळत नाही. ते खिडकी बदलत राहतात.

म्हणून असं लिहा: 'आधार नंबर (आधार कार्डावर फोटोखाली मोठ्या अक्षरांत, चार-चारच्या तीन गटांत)'. आणि चौकटीही चार-चार-चार अशाच गटांत छापा. कार्डावर आकडे जसे दिसतात तसेच फॉर्मवर दिसले की उतरवताना एखादा आकडा गळत नाही. रेशन कार्डाच्या नंबरापाशी लिहा: '१२ आकडी ऑनलाइन नंबर. पुस्तिकेच्या पुढच्या पानावरचा जुना नंबर नको. माहीत नसेल तर रेशन दुकानदार सांगेल.' ही ओळ लांब वाटते, पण एक चक्कर वाचवते. चक्कर म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा, आणि खाड्याचा पैसा कापला जातो.

कोणता मोबाईल नंबर द्यायचा, ही सूचना तर फॉर्मच्या अगदी वर हवी. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करताना ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जातो. वस्तीत सिमकार्ड बदलत राहतं, कधी नंबर नवऱ्याच्या नावावर, कधी गावाला असलेल्या मुलाच्या. सगळा फॉर्म भरून झाल्यावर शेवटी ओटीपी भलत्याच फोनवर गेल्याचं कळतं, तेव्हा काम तिथेच थांबतं. ज्या अटीवर सगळं अडू शकतं ती अट पहिल्या ओळीत, ठळक: 'आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा. तो नंबर बंद झाला असेल तर आधी आधार केंद्रात नवा नंबर जोडून घ्या.'

नावाचा रकाना

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त अर्ज मी इथे अडकलेले पाहिले आहेत. आपल्याकडे बाईचं नाव लग्नानंतर बदलतं, पण कागदं एकदम बदलत नाहीत. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, केसपेपरवर नुसतं 'मंगल' किंवा 'मंगलाबाई'. कधी रेशन कार्डात नाव चढलेलंच नसतं, कारण माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला कुणी आणलेला नसतो. फॉर्म मात्र निर्विकारपणे 'रुग्णाचे संपूर्ण नाव' विचारतो. कुठलं लिहायचं? तुमच्या कार्यालयाला आधारवरचं नाव हवं असेल तर तसं लिहा: 'नाव (आधारवर आहे तसंच, तेच स्पेलिंग)'. खाली दुसरी ओळ द्या: 'रेशन कार्डावर नाव वेगळं असेल तर तेही इथे लिहा'. ही दुसरी ओळ असली की त्या बाईला आपण काही लपवतोय असं वाटत नाही, आणि खिडकीवरच्या माणसाला फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

आणि नावासाठी चौकटी छापू नका. एका चौकटीत एक अक्षर ही पद्धत इंग्रजी लिपीची आहे. 'कृष्णाबाई क्षीरसागर' लिहायला घ्या. 'ष्णा' एका चौकटीत की दोन? काना वेगळ्या चौकटीत का? शिकलेली माणसंसुद्धा इथे अडखळतात. नावाला लांब मोकळी रेघ द्या, चौकटी फक्त आकड्यांना. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग हवंच असेल तर त्यासाठी वेगळी रेघ द्या आणि 'हे खिडकीवर भरून मिळेल' असं शेजारी लिहा. ते खरोखर भरून द्या.

कार्यालयाची भाषा घरात आणताना

फॉर्म, पत्रक, पाटी या सगळ्यांत पुढच्यासारखी वाक्यं सर्रास असतात. नमुना मीच बनवला आहे, पण ओळख पटेल:

'लाभार्थ्याने अंगीकृत रुग्णालयात दाखल होतेवेळी वैध शिधापत्रिका व ओळखपत्राची साक्षांकित प्रत सादर करणे अनिवार्य राहील.'

हे सोपं करायला बसलात की पहिला प्रश्न तुम्हालाच पडेल: साक्षांकित म्हणजे कुणी सही करायची? पेशंटनं स्वतः, की अधिकाऱ्यानं? मूळ कागद दाखवायचा आहे का? ओळखपत्र आधारच हवं की मतदान कार्डही चालतं? मूळ वाक्य लिहिणाऱ्यानंही हे ठरवलेलं नसतं, आणि जड शब्दांमुळे न ठरवताही काम भागतं. सोपं लिहायचं म्हणजे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. म्हणून लेखणी बाजूला ठेवा, उठा आणि जो माणूस खिडकीवर कागद तपासतो त्याला जाऊन विचारा. साहेबांना नंतर विचारा. काय चालतं आणि काय परत पाठवलं जातं हे खिडकीवरच्याला पक्कं माहीत असतं. मग लिहा:

'भरती होताना हे दोन कागद आणा: रेशन कार्ड आणि आधार कार्ड. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या. झेरॉक्सवर पेशंटची सही किंवा अंगठा.'

अजून एक नमुना: 'सदर योजनेअंतर्गत प्रति कुटुंब प्रति वर्ष रु. ५ लक्षपर्यंतचे विमा संरक्षण अनुज्ञेय आहे.' यातून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी समजतात. कुणाला वाटतं प्रत्येकाला पाच लाख, कुणाला वाटतं आजारी पडल्यावर पाच लाख हातात येतील, कुणाला वाटतं आयुष्यात एकदाच. त्याऐवजी: 'एका कुटुंबातल्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, रुग्णालयाला परस्पर मिळतात. एकाच्या ऑपरेशनला २ लाख लागले तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी ३ लाख उरतात.' शेवटचं उदाहरण कापू नका. जागा कमी पडली की पहिली कात्री उदाहरणाला लागते, आणि समजतं ते उदाहरणानंच.

पूर्वमंजुरीबद्दल लिहिताना काय घडतं ते क्रमानं सांगा: 'डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं की रुग्णालय योजनेच्या कार्यालयाला ऑनलाइन विचारतं. तिकडून होकार आला की ऑपरेशन होतं. यासाठी तुम्हाला कुठेही जायचं नाही. होकार आला का, ते आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणाऱ्याला) विचारा.' 'तुम्हाला कुठेही जायचं नाही' या शब्दांनी घरातल्यांना केवढा दिलासा मिळतो, ते मी समोर बसून पाहिलं आहे. कुणाला काहीच करायचं नसेल तर तेही लिहायला हवं, नाहीतर माणसं मंत्रालयाच्या दारापर्यंत जाऊन येतात.

योजनेचं नाव लिहिताना लोकांच्या तोंडातली सगळी नावं द्या. २०१२ साली महाराष्ट्राची ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, आठ जिल्ह्यांत, त्यात मुंबई होती. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. वस्तीत अजून कुणी 'जीवनदायी' म्हणतं, कुणी 'फुले योजना', कुणी 'आयुष्मान'. ही वेगवेगळी तीन कार्डं आहेत असं समजून लोक तीन ठिकाणी विचारत फिरतात. शीर्षकाखाली एक ओळ पुरे: 'जीवनदायी, फुले योजना, आयुष्मान: सगळ्यांसाठी हाच फॉर्म.' अर्थात तुमचा फॉर्म खरोखर सगळ्यांसाठी असेल तरच.

पत्ते आणि खिडक्या मुंबईच्या लिहा

राज्यभरासाठी केलेला नमुना जसाच्या तसा मुंबईत वाटला की गोंधळ होतो. गावाकडे रेशन कार्डाचं काम तहसीलमध्ये होतं, मुंबईत ते रेशनिंग ऑफिसात. 'तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा' वाचून मानखुर्दची बाई कुर्ल्याच्या तहसीलला जाते आणि तिथून परत पाठवली जाते. उत्पन्नाचा दाखला मात्र महसूल खात्याकडूनच घ्यायचा असतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. शहर जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे. तुमची वस्ती कशात येते ते पत्रकात स्पष्ट लिहा, जवळचं स्टेशन लिहा. दाखला कुठून काढायचा हे न सांगता दाखला मागणं मला फार अन्यायाचं वाटतं.

उत्पन्नाच्या रकान्याचंही तेच. नाका कामगाराला 'वार्षिक उत्पन्न' विचारू नका. त्याला रोजी माहीत असते, महिन्यात किती दिवस काम लागलं ते साधारण माहीत असतं. वर्षाचा आकडा तो अंदाजानं टाकतो, आणि तो दाखल्यावरच्या आकड्याशी जुळत नाही. 'उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा उतरवा' एवढं लिहिलं की अंदाज करावा लागत नाही. फुले योजना सगळ्यांसाठी खुली झाल्यापासून पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशन कार्ड चालतं, म्हणून तिथे उत्पन्न विचारण्याची गरज नसेल तर तो रकानाच काढा. धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांचा अर्ज निराळा आहे, तिथे उत्पन्न लागतंच. पण तिथेही 'निर्धन' आणि 'दुर्बल' असे दोन शब्द छापून त्यापुढे खूण करायला लावू नका. मुलीच्या देखत बापाला 'मी निर्धन' असं लिहायला लागू नये. दाखल्यावरचा आकडा घ्या, गट कार्यालयानं ठरवावा.

काय मिळत नाही, तेही लिहा

हे लिहायला माणसं कचरतात. पत्रक उत्साहाचं असावं असं वाटतं. पण योजनेत ठरलेल्या यादीतलेच उपचार बसतात आणि यादीतल्याच रुग्णालयांत होतात. शिवाय एखादं रुग्णालय हृदयाच्या उपचारासाठी योजनेत असतं, पण किडनीच्या उपचारासाठी नसतं. 'आमच्याकडे योजना आहे' ही पाटी वाचून माणूस पेशंटला टॅक्सीत घालून आणतो आणि मग कळतं की हा आजार इथे बसत नाही. म्हणून पाटीवरच लिहा: 'या रुग्णालयात योजनेतून फक्त हे उपचार होतात', आणि नावं लोकांच्या भाषेत द्या. ऑर्थोपेडिक्स नको, हाडांचं ऑपरेशन. नेफ्रॉलॉजी नको, डायलिसिस. हा शब्द आता घराघरात माहीत आहे, त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका.

त्याच पाटीवर उलट बाजूही हवी: तातडीच्या पेशंटला आधी भरती करून घेता येतं, कागद मागाहून दिले तरी चालतात. अपघात, छातीत दुखणं अशा वेळी घरचे आधी रेशन कार्ड शोधायला धावतात. त्यांना थांबवणारं एक मोठं वाक्य वर असू द्या.

छपाई

छपाईबद्दल थोडक्यात. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको आणि दोन ओळींत मोकळी जागा हवी, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. तुमचा फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स होऊनच लोकांपर्यंत पोचणार आहे, तेव्हा अनुस्वार आणि रफार आधी उडतात. छापायला देण्यापूर्वी स्वतः तीनदा झेरॉक्सवरून झेरॉक्स काढा आणि शेवटची प्रत वाचून बघा. राखाडी पट्ट्यांवर अक्षरं छापू नका, झेरॉक्समध्ये ती काळी पडतात. आकडे कार्डावर जसे असतात तसे, म्हणजे आधारचे इंग्रजी. मजकुरात मराठी आकडे चालतील, बेस्टच्या पाट्यांमुळे मुंबईतल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांना ते सवयीचे आहेत.

आता तपासणी. कार्यालयातल्या सहकाऱ्याला वाचायला देऊन उपयोग नाही, त्याला सगळं आधीच माहीत असतं. वस्तीतल्या चार-पाच जणींना, शक्य तर वेगवेगळ्या वेळी, कोरा फॉर्म आणि त्यांचीच कागदांची पिशवी घेऊन बसवा. तुम्ही शेजारी बसा आणि गप्प राहा. हे फार अवघड आहे, कारण ती अडली की आपलं बोट आपोआप कागदावर जातं. जाऊ देऊ नका. पेन कुठे थांबतं, ती कुठला कागद काढते, कुठे मुलीकडे बघते, तेवढंच टिपून ठेवा. भरून झालं की 'समजलं का?' असं विचारू नका, 'हो' शिवाय उत्तर मिळणार नाही. गरीब माणूस टेबलापलीकडच्या बाईला नाही म्हणत नाही. त्याऐवजी विचारा: 'ताई, आता घरी गेल्यावर शेजारणीला हे कसं सांगाल?' ती जे सांगेल त्यात तुमच्या फॉर्ममधलं काय पोचलं ते कळेल, आणि पुष्कळदा तुमच्यापेक्षा चांगलं वाक्यही मिळेल. ते जसंच्या तसं घ्या. 'पैसे रुग्णालयाला परस्पर मिळतात' हे वाक्य मला असंच एका मावशींकडून मिळालं.

वर्गात वाचायला उभी राहते तशी सातवीतली एखादी मुलगी बोलवा आणि तिला फॉर्म मोठ्यानं वाचायला लावा. ती जिथे श्वास घेते तिथे पूर्णविराम द्या.

फॉर्मच्या तळाशी पोच फाडून देण्याची जागा ठेवा. तिच्यावर तारीख, घेणाऱ्याची सही, आणि 'पुढे काय': किती दिवसांनी, कुणाकडे, कुठल्या मजल्यावर यायचं. योजनेच्या मदत क्रमांकांसाठी, १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, मोठे आकडे वापरा, कारण हा तुकडाच घरी जातो आणि फ्रिजवर किंवा देवाच्या फोटोमागे जपून ठेवला जातो. बाकी फॉर्म फायलीत जातो.

आणि प्रत्येक पानावर 'ही माहिती अमुक महिन्याची' असं छापा. दीड लाख रुपये आणि ९९६ उपचार असं लिहिलेली जुनी पत्रकं अजून कित्येक भिंतींवर चिकटलेली आहेत. रक्कम पाच लाख झाल्यावरही. ती वाचून लोक मोठं ऑपरेशन बसणार नाही असं धरून चालतात आणि कर्ज काढतात. नवा फॉर्म वाटायला जाल त्या दिवशी सोबत पाण्याची बाटली आणि खरवडायची पट्टी घ्या, जुनं पत्रक आधी काढा, मग नवं लावा.